आपली कंपनी मुंबईला चालली!

माझ्या एका वाक्यामुळे मेहुण्याचं लग्न मोडता मोडता राहिलं. वाक्य फक्त चार शब्दांचं होतं.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी सांगलीत मास्तर होतो. भूगोल शिकवायचो आणि पेपरातलं शेअरचं पान वाचायचो. (दोन्ही मला सारखंच कळतं, असा माझा समज!) सासुरवाडी साताऱ्याजवळची. गावाबाहेरच्या माळावर पाण्याचे पंप बनवणारी एक कंपनी होती आणि मेहुणा अजित तिथं फिटर होता. सासरे, म्हणजे तात्या, फौजेतले निवृत्त सुभेदार. माझ्या आग्रहावरून त्यांनीही माझ्यासारखेच त्या कंपनीचे शेअर घेतले होते. त्या शेअरांची खरेदी-विक्री व्हायची फक्त पुण्याच्या शेअर बाजारात, आणि तिथं त्यांना कुत्रं विचारत नव्हतं! वर्षभर भाव जागचा हलला नाही. तात्या म्हणत, "शेअर सावधानमध्ये उभा हाय!"

अजितच्या सुपारीच्या दिवशी पलूसहून मुलीकडची मंडळी जीप भरभरून आली. मांडवात नारळ, साड्या, हार सगळं मांडलेलं. तेवढ्यात मी पेपर उघडला आणि बातमी वाचून तसाच मांडवात धावलो.

"तात्या! आपली कंपनी मुंबईला चालली!"



"कवा?" मुलीचे वडील गणपतराव म्हणाले.

"पुढच्याच महिन्यात!"

"समदी?"

"सगळीच्या सगळी!" (मी शेअरबद्दल बोलत होतो, ते कारखान्याबद्दल.)

गणपतरावांनी हातातला नारळ खाली ठेवला. "उठा रं समदी. आमी साताऱ्याचा जावई बघितलाय. पोरीला मुंबैच्या खोलीत कोंडायची न्हाई!"

अजितचा चेहरा पांढराफटक पडला. बाहेर त्याचे कारखान्यातले सोबती जेवणाची वाट बघत होते. त्यांनी हे ऐकलं आणि "कंपनी हलू देणार नाही!" असं ओरडत थेट कंपनीच्या फाटकाकडे निघाले. मागोमाग सुपारीला बोलावलेले ताशेवालेही गेले. त्यांना वाटलं, वरात निघाली!

दहा मिनिटांत कंपनीचे मॅनेजर स्कूटरवरून घामाघूम होऊन आले. "तात्या, फाटकावर मोर्चा आलाय, ताशा वाजतोय! मागणी काय आहे, तेवढी तरी सांगा!"

सगळे माझ्याकडे बघू लागले. बायको दात-ओठ खात पुटपुटली, "अहो, आजच्या दिवस तुमचा घसा बसला असता, तर काय बिघडलं असतं?"

मी समजावायला लागलो. "त्याचं असं आहे, लिस्टिंग झालं की लिक्विडिटी..."

"जावईबापू," तात्या गरजले, "ऑर्डर मराठीत द्या!"

मग मला एकदम हळद आठवली. गणपतराव हळदीचे शेतकरी.

"काका, हळद गावातच विकली तर?"

"येकच व्यापारी. तो म्हणंल त्यो भाव."

"आणि सांगलीच्या पेठेत नेली तर?"

"धा जण बोली लावत्यात."

"तसंच आहे हे! कारखाना इथंच राहणार. फक्त शेअर मुंबईच्या मोठ्या पेठेत जाणार!"

"आस्सं व्हय!" गणपतरावांनी नारळ उचलला. मॅनेजरांनी मोर्चा माघारी आणला, ताशा वाजला आणि सुपारी फुटली. अजितनं तर मला कडकडून मिठी मारली.

जेवताना गणपतराव म्हणाले, "पर पाव्हणं, पेठेत समद्यांची हळद येकदम आली की भाव पडतो बगा."

मी जिलेबी हातात धरून हसलो. "काका, शेअर म्हणजे हळद नव्हे!"

महिनाभर भाव चढत गेला. मी स्कूटरसाठी साठवलेले पैसेही त्यात घातले. मुंबईत व्यवहार सुरू झाले, त्या सकाळी भाव आणखी उसळला आणि आमच्या घरी शिरा झाला. पण पुण्यात ज्यांना गिऱ्हाईक मिळत नव्हतं, त्या सगळ्यांनी त्याच दिवशी आपला माल बाहेर काढला! पंधरा दिवसांत भाव होता त्याच्याही खाली आला. घाबरून मी सगळे विकून टाकले. तात्या मात्र हलले नाहीत. आणि गणपतरावांनी? त्यांनी त्या पडेल भावात मूठभर घेतले. पुढं दीड-दोन वर्षांत शेअर रोज थोडाथोडा वर सरकला आणि दोन्ही व्याही खूश झाले.

तेव्हापासून गणपतरावांचा माझ्यावर फार विश्वास. काहीही खरेदी करण्याआधी ते पलूसहून आवर्जून फोन करतात.

"पाव्हणं, ह्यो शेअर तुमाला कसा वाटतो?"

"एकदम उत्तम, काका!"

"बरं झालं इचारलं," ते समाधानानं म्हणतात, "मग न्हाई घेत!"