काकांचा जांभळा आवाज

माझ्या काकूला आवाज दिसायचे. ऐकू तर सगळ्यांनाच येतात. तिला त्यांचे रंगही दिसायचे. शाळेत ती गाणं शिकवायची आणि पोरांना खुशाल सांगायची, "सूर पोपटी पडतोय रे, जरा गर्द हिरवा लाव." पोरं बिचारी घाबरून काहीतरी करायची आणि सूर बरोबर लागायचा. त्यामुळे काकूला वेडी म्हणायची कुणाला सोय नव्हती. निदान तोंडावर तरी.

घरात मात्र या देणगीचा जाचच होता. माझ्या आईचा, म्हणजे तिच्या धाकट्या जावेचा, आवाज तिला शेवाळी दिसायचा. हे तिने आई लग्न होऊन घरात आली त्याच आठवड्यात, भर पाहुण्यांत सांगून टाकलं. पुढची सगळी वर्षं दोघी एकाच ओट्यावर भाज्या चिरत राहिल्या आणि आईने बोलणं कामापुरतं ठेवलं. मी अर्थातच आईच्या बाजूची. काकांचा आवाज मात्र म्हणे गर्द जांभळा. त्याच्यावर भाळूनच काकूने लग्न केलं. आणि काका? पाणीपुरवठा खात्यात नोकरी, घरी आल्यावर मिठाची गुळणी. त्या देखण्या आवाजात ते जन्मभर "दार लाव" आणि "दिवा घालव" एवढंच बोलले.

साठी उलटली तसं काकूला कमी ऐकू यायला लागलं. कानाला यंत्र बसवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती स्वयंपाकघरात आली, आईचा आवाज ऐकून दारातच थबकली आणि म्हणाली, "अगं, तू तर मोरपंखी आहेस!"

"आत्ता कळलं?" आई म्हणाली. तोवर दूध उतू गेलं होतं.

त्या दिवसापासून दोघींच्या गप्पांना ऊत आला. आई इतक्या स्वस्तात विरघळेल असं मला वाटलं नव्हतं. इतकी वर्षं तिच्या वतीने मी नाक मुरडत बसले, ते सगळं फुकट गेलं.

पण काका बोलायला लागले की काकू यंत्र हळूच काढून टेबलावर ठेवायची. "मी तोंड उघडलं की ती कान काढून ठेवते," ते मला म्हणाले. एवढं लांब वाक्य त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकलं. मग त्यांनी दार आणि दिवा हेही विषय सोडून दिले. जेवायलासुद्धा आमच्यानंतर एकटे बसायला लागले. मला त्यांची दया आली आणि काकूचा संताप. मी तिला गाठलंच.

"काका काय शत्रू आहेत का तुझे?"

"अगं, यंत्रातून ते राखाडी दिसतात. नुसता पत्रा. काढलं की जांभळे होतात. मग शब्द कळत नाहीत, पण शब्द काय, दाराचेच असणार."

"मग त्यांना सांग ना तसं."

"लग्नाआधी सांगितलं होतं मी रंगाचं. हसले होते."

शेवटी मीच काकांना सांगितलं. दुसऱ्या दिवशी चहा झाल्यावर त्यांनी तिच्या शेजारी खुर्ची ओढली आणि पेपर मोठ्याने वाचायला घेतला. काकूने यंत्र काढलं, डोळे मिटले. मग ते रोजचंच झालं. बाजारभाव, निवडणुका, हरवलेल्या कुत्र्याची जाहिरात, तिला सगळं सारखंच सुंदर. आई आणि मी आत पदर तोंडाला लावून हसायचो.

एकदा मी कप उचलायला गेले. काका पेपर तोंडासमोर धरून वाचत होते, "...तुझ्या आधी मी जायला हवं. मला या घरात साखर कुठे असते तेही माहीत नाही. तुझं गाणं मला फार आवडायचं. दाराबाहेर उभा राहून ऐकायचो. आत येऊन सांगायचं राहिलं."

असं कुठल्याही पेपरात छापत नाहीत. मी कप तिथेच सोडले.

काकूने डोळे न उघडताच त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"अहो, आज काय वाचताय? भलतंच गडद दिसतंय."

काका तिच्या कानाशी वाकले आणि ओरडले, "हवामान!"