उन्हाकडे पाठ

देवरामच्या डोक्यात पहिली सळई बसली तेव्हा साईनाथ तावडे उजेड बघत होता.

कोलशेतच्या खाडीवर सूर्य मावळतीला टेकला होता, चिखल चकाकत होता आणि त्या चकाकीपुढे एक काळीकुट्ट आकृती हात उगारून उभी होती. साईनाथने डोळ्यासमोर तपकिरी काचेचा तुकडा धरला, दृश्य पारखलं, मग काच तशीच धरून कॅमेऱ्याचं बटण दाबलं. आयुष्यभर शोधलेला विषय सापडला, असं त्याला वाटलं. दोघे जण जाळं झटकत असतील असा त्याचा समज. काच खाली घेतल्यावर कळलं. खाली पडलेल्या म्हाताऱ्याच्या बनियनवर मघाशी तेल सांडल्यासारखं दिसत होतं, ते रक्त होतं.

त्या काचेपायी घात झाला. साईनाथ डोंबिवलीच्या एमआयडीसीतल्या एका कंपनीत, प्रयोगशाळेत नोकरीला होता. तिथे ॲसिडची बाटली फुटली तेव्हा तिचा तुकडा त्याने घासूनपुसून खिशात टाकला. त्यातून बघितलं की सगळे रंग मरतात, आणि जग काळ्यापांढऱ्या फिल्मवर जसं येणार तसं आधीच दिसतं. निवृत्त झाल्यापासून दर रविवारी तो ती काच आणि जुना लोखंडी कॅमेरा घेऊन विषय शोधत हिंडायचा. पोपडे निघालेली भिंत, ओला दोरखंड, सुरकुतलेले हात. आणि फोटो नेहमी उन्हाकडे तोंड करून. उजेड पाठीमागून आला की आकार उठतो, हा त्याचा हट्ट.

"अहो, घरात बायको आहे, ती विषय नाही का?" विनिता विचारायची.

"तुझ्या चेहऱ्यात सावल्या नाहीत गं," असं हा शहाणा सांगायचा आणि रात्री आमटी स्वतःच गरम करून घ्यायचा.

कोलशेतला त्याला देवराम सापडला होता. जाळी विणणारे त्याचे हात साईनाथने किती वेळा टिपले त्याला गणती नाही. देवराम हसायचा. "मास्तर, हात झालं, पाय झालं. माजं थोबाड काय वंगाल हाय काय?" खाडीतली रेती चोरून उपसणाऱ्या रेतीवाल्यांच्या बोटींनी त्याची जाळी फाटायची. त्याने तक्रार केली. म्हणून त्या संध्याकाळी ते आले होते.

साईनाथ ओरडत धावला, तोवर दुसरा घाव जबड्यावर बसला. हाड मोडल्याचा आवाज त्याला स्पष्ट ऐकू आला. तेवढ्यात दुसऱ्याच एका दांडगटाने त्याची कॉलर धरली, कानफटात दिली, चष्मा उडाला. "मोबाइल काढ, थेरड्या!" मोबाइल नव्हताच. रविवारी तो घरी ठेवायचा. मोबाइल असला की डोळा आळशी होतो म्हणे. त्या माणसाने खिसे उलटे केले, काच चिखलात फेकली, कॅमेऱ्याकडे बघून खिदळला. "डबा घेऊन फिरतोय येडा!" मग त्यांनी देवरामच्या होडीचा तळ फोडला आणि बोटीत बसून निघून गेले.

देवराम वाचला. एक डोळा गेला, जबडा तारेने बांधला. घाव मागून बसल्यामुळे त्याने कुणाला पाहिलं नव्हतं, आणि गावात तर अळीमिळी गुपचिळी. उरला साईनाथ.

"शर्टाचा रंग कोणता होता?" पोलीस ठाण्यातल्या साहेबांनी विचारलं.

रंग साईनाथने पाहिलाच नव्हता.

"बरं, चेहरा?"

चेहरा उन्हापुढे काळाच दिसला होता, आणि मग चष्माही गेला होता. त्याने फोटो पुढे केला. साहेबांनी तो बराच वेळ पाहिला. "झकास आलाय हो. घरी भिंतीवर लावा. पण यात चेहरा कुठाय?"

कानफटात बसली तीही एवढी लागली नव्हती. लाज वाटली त्याला, खरीखुरी लाज. एका माणसाचं डोकं फुटत होतं आणि आपण आकार बघत होतो. तो जेवेना. फोटो आणि भिंग घेऊन बसून राहिला. बघता बघता त्याला दिसलं, की सळई डाव्या हातात आहे, आणि हात पुरता उगारलेला असूनही कोपर सरळ होत नाही. हाड वाकडं बसलेलं असावं.

"तो हात पुन्हा वर जायला हवा," तो विनिताला म्हणाला. "फोटो त्याच जागेवरून, पण सकाळी. तेव्हा ऊन आपल्या पाठीशी असतं."

"वर कसा जाईल?" तिने विचारलं, आणि उत्तर तिचं तिलाच कळलं. "हात दाखवून अवलक्षण कशाला, अहो? मोबाइलवर काढू लांबून."

"मोबाइल वर केला की हिसकावून खाडीत टाकतात. या डब्याला कुणी भीत नाही. हात उगारला की दाब. आधी दाब, मग धाव."

ती रडली, भांडली, आणि रविवारी त्याच्याबरोबर गेली.

काठावर रेतीवाले चहा पीत होते. त्यातला एक जण ग्लास डाव्या हाताने धरून होता आणि कोपर एकाच कोनात अडकलेलं असल्यामुळे ओठच ग्लासाकडे नेत होता. विनिताला जागेवर उभी करून साईनाथ त्याच्यासमोर गेला.

"देवरामला मागून मारलंस. समोरून मारायची हिंमत नाही ना?"

पहिली लाथ पोटात बसली. साईनाथ गुडघ्यावर आला, पण उठला. "हात चालव, भ्याडा!" त्या माणसाने बोटीतली सळई उचलली. पहिला घाव गालावर बसला. दात तुटून चिखलात पडले, सदरा छातीपर्यंत लाल झाला. विनिताने कॅमेरा डोळ्याला लावला. हात दुसऱ्यांदा वर गेला, उन्हात, आणि तिने बटण दाबलं.

मग ती अशी किंचाळली की आठवडाभर तोंडाला कुलूप लावलेल्या गावातल्या बायका मासळी कापायचे कोयते घेऊन धावत आल्या. रेतीवाल्यांची बोट सुटली, पण तो वाकड्या हाताचा चिखलातच राहिला. बायकांनी त्याला असा तुडवला की पोलिसांना त्याला उचलून न्यावं लागलं.

"बायकांनी धरला म्हणून देवरामला सळई यानेच मारली हे ठरत नाही," साहेब म्हणाले.

विनिताने दोन्ही फोटो टेबलावर ठेवले. तोच काठ, तोच डावा हात, तेच न उघडणारं कोपर. एकात काळी आकृती. दुसरा जरा तिरका, साधा, लग्नाच्या फोटोग्राफरनेही फेकून दिला असता असा. पण त्यात चेहरा होता, अगदी भुवईवरच्या व्रणासकट.

साहेबांनी दोन्ही शेजारी लावले. "हा दुसरा कुणी काढला?"

"मी."

"नवऱ्याला मारत असताना?"

गालाला टाके पडलेला साईनाथ बाजूला बसला होता. त्याला बोलता येत नव्हतं. विनिताने त्याच्याकडे पाहिलं नाही.

"पहिला काढताना यांना रक्त दिसलं नव्हतं, साहेब," ती म्हणाली. "मला दिसत होतं."

साहेबांनी मान खाली घातली आणि जबाब लिहायला घेतला.