ढावलो टीव्हीवर लागला तवा

कुरुंद्यात केबल आली तवा आमच्या ह्यांना लई हौस. समोरच्या खोलीत मशीन मांडलं, एक कॅमेराबी घेतला, माळवदावर छत्री बसवली अन् एक चॅनल आपलं सोताचं सुरू केलं. त्याच्यावर निस्ती गाणी. हिंदी गाणी सगळीकडंच लागतात, लोकांना आपल्याकडची पाह्यजेत, असं ह्यांचं म्हणणं. मंग लोकं आपापल्या लग्नाच्या कॅसेटी आणून द्यायचे, हे त्यातली गाणी लावायचे. टीव्हीवर आपलंच तोंड दिसलं की माणूस कसा फुलतो, ते मी तवा बघितलं.

जवळच्या बंजाऱ्यांच्या तांड्यावरल्या एका बापानं लेकीच्या लग्नाची कॅसेट दिली. तिच्यात ढावलो होता. सासरी निघताना नवरी माय-भावाच्या गळ्यात पडून रडत म्हणते, ते गाणं. मला काहून परक्या घरी लोटता, असं त्यात असतंच. त्यांच्यात सगळ्याच पोरी म्हणतात. पण निघायच्या वक्ताला, तेवढंच. ह्या पोरीचा गळा असा, की अंगावर काटा यावा. ह्यांनी नेमका तेवढाच तुकडा रोज संध्याकाळी लावायला घेतला.

मी म्हणलं, "अवो, रोज रोज तिचं रडणं काहून दाखवता?"

"लोकं मागून राहिले, मी काय करू?"

पोरीचं सासर दुसऱ्या तांड्यावर, अन् आमची वायर तिथंबी गेलेली. तिथले गडी तिच्या नवऱ्याला डिवचायचे, "का रं, बायको अजून रडूनच राहिली व्हय? उपाशी ठेवतूस का काय?" इकडं गाणं लागायचं, तिकडं ती मार खायची. आमाला हे कळलं तवा ती आमच्या दारात होती.

नवऱ्यानं केसाला धरून आणलेली. एक डोळा सुजून मिटलेला, ओठ फाटलेला. ह्यांना म्हणला, "लाव तुझा कॅमेरा. सुखात हाय म्हणून सांगंल ही सगळ्यांला. न्हाई तर तुझंबी टकुरं फोडतो."

ह्यांनी कॅमेरा मशीनला जोडला. चालू गाणं तुटलं अन् घरोघर तिचं तोंड दिसाया लागलं.

"बोल!"

ती बोलेना. त्यानं पायातली चप्पल काढून तोंडावर हाणली. मंग पोटात लाथ. मी मधी पडले तर मला असं ढकललं की चौकटीवर डोकं फुटलं. ह्यांना कॅमेरा बंद करायचं सुचलंच न्हाई.

टीव्हीवर बघून माहेरचा तांडा पळत आला. बाया पुढं, हातात काठ्या. त्याला अंगणात ओढला. हाड मोडतं तवा कसा आवाज होतो, मला अजून ऐकू येतो. मंग टीव्ही फोडला, मशीन फोडलं, छत्री उपटली. "माझ्या लेकीचं रडणं खेळ वाटला व्हय रं तुला?" म्हणत पोरीच्या मायनं काठी घातली, ह्यांचं मनगट मोडलं.

शेवटी तांड्याचा नायक, त्यांच्यातला मोठा माणूस, आडवा झाला. "पुरे! जावई मरंल. बसून समजूत काढू, पोरगी नांदंल."

ती भिंतीला टेकून तोंडातलं रक्त थुंकत होती. म्हणली, "सगळ्यांनी बघितलं न्हवं? मंग आता समजूत कुणाची काढता?"

नायक बाजूला सरला. बापानं डोक्याचं पागोटं सोडून तिच्या फाटक्या चोळीच्या खांद्यावर टाकलं. फुटक्या काचांवरून ती अनवाणीच माहेरच्या वाटेला लागली. तिला कुणी आडवलं न्हाई.