भाव पाडतोय

खोडाळ्याच्या बाजारात मी भांड्यांचं दुकान लावतो. गिऱ्हाईक बायकोच्या कानात काय कुजबुजतं ते ऐकूनच मी भाव ठरवायचो. "घेऊ या, पण अजून थोडं ओढ," एवढं कानावर आलं की मी ताठ व्हायचो. साखरशेतची कोरडवाहू जमीन थोरल्या भावाला सोडून मी जो उभा राहिलो, तो या कानांच्या जोरावर.

पायात बांबूचा खुंट घुसला आणि जखम चिघळली. जव्हारच्या एका खासगी दवाखान्यात भरती झालो. गोळ्या लागू पडेनात, म्हणून एक जहाल इंजेक्शन सुरू झालं. दादा सोबतीला होता.

मी घासाघीस केल्याशिवाय कुणाचं काही घेत नाही. तिथेही तेच. सिस्टर सुई घेऊन आल्या की मी म्हणायचो, "आज अर्धीच द्या." पेज पातळ का, खाट खिडकीशी का नाही, सगळ्यावर माझी तक्रार. शेवटी त्या वैतागल्या आणि माझ्याशी बोलायच्या बंदच झाल्या. काही विचारायचं ते दादाला. आमच्याकडे तशीही हीच रीत, आजारी माणसाचं तोंड म्हणजे सोबतीचा माणूस.

त्या रोज विचारायच्या, "यांच्या कानात आवाज येतो का? उभं राहिल्यावर भोवळ?"

दादा म्हणायचा, "बरा हाय."

एका सकाळी माझ्या कानात रातकिडे ओरडायला लागले. दिवस चढला तरी थांबेनात. सिस्टर आल्या तसा मी ओरडलो, "कान वाजतायत! ही सुई नको!"

त्यांनी दादाकडे पाहिलं. दादाने डोळा मारला. "भाव पाडतोय, सिस्टर. टोचून टाका."

सगळा वॉर्ड हसला. त्याही हसल्या, आणि टोचलं.

पुढे भिंती हलायला लागल्या. एकट्याने उठायचं नाही, आधी पाय खाली सोडून बसायचं, हाक मारायची, असं सिस्टरनी सुरुवातीलाच बजावलं होतं. हाक मारली की दादा म्हणायचा, "नाटकं पुरे, चल ऊठ." उठलो, आणि मोरीच्या दारात तोंडावर आपटलो. दात ओठात घुसला. तेव्हा कुठे डॉक्टर धावले आणि सुई बंद झाली. पाय बरा झाला. कान परत आले नाहीत. मोठ्याने बोललेलं कळतं. कुजबूज गेली ती गेलीच. आता गिऱ्हाईक माझ्यासमोरच ठरवतं आणि मी येड्यासारखा बघत बसतो.

दादाने कधी वाईट वाटल्याचंही दाखवलं नाही. वर म्हणायचा, "तुझीच जीभ तुला नडली."

यंदा तोच दादा त्याच दवाखान्यात पडला. नांगराचा फाळ पायावर आला आणि जखम सडली. सोबतीला मी. सुईही त्याच जातीची. सिस्टर नवी, पोरसवदा, तोंडाला मास्क. दादाची सुई भरता भरता ती माझ्याकडे वळून काहीतरी बोलली. शब्द कळले नाहीत, पण तो प्रश्न ओळखायला मला कान लागत नाहीत.

दादाने माझी बाही धरली. ओठ हलत होते.

"सांग ना रे तिला," असं असावं.

मी बाही सोडवून घेतली. "मला कुठे ऐकू येतं?" मी सिस्टरला म्हणालो. "ज्याचं दुखतं त्यालाच विचारा."

ती त्याच्यावर वाकली. तो काहीतरी पुटपुटला. तिने सुई बाजूला ठेवली आणि डॉक्टरांना बोलवायला वळली. म्हणजे तिला कळलं होतं. मला नव्हतं.

"जरा मोठ्याने, दादा," मी म्हणालो.

त्याने खाटेचा कठडा धरला. "माझे कान वाजतायत!"

वॉर्डातली माणसं वळून बघायला लागली. कुणी हसलं नाही.

"अजून मोठ्याने."