काथ्याची गाठ
काथ्याच्या दोरीचा वास आला की लाखनीच्या पुढच्या, हायवेला लागून असलेल्या माजी सैनिकांच्या वृद्धाश्रमातला एक जुना दिवस आठवतो. धान कापणीचे दिवस होते. मी फौजेतून सुट्टीवर आलो होतो आणि तिथं राहणाऱ्या मोठेबाबांना, म्हणजे वडिलांच्या थोरल्या भावाला, भेटायला गेलो होतो. ट्रक गेला की खिडक्या थरथरत. मोठेबाबा उघड्या खाटेवर बसले होते, कारण त्यांची गादी गुंडाळून काथ्यानं करकचून बांधलेली होती. पलटणीत माणूस कायमचा गेला की त्याची गादी अशीच बांधून ठेवतात. "मोठेबाबा, गादी काहून बांधली?" "म्या नाही बांधली, बाबू. त्यानं बांधली." समोरच्या खाटेवर एक म्हातारा हवालदार स्वतःचे तळहात हुंगत बसला होता. "त्याले काही याद राहत नाही. पण तो ज्याची गादी बांधते, तो माणूस उरत नाही." मी हसलो, गाठ सोडली, गादी अंथरली. मोठेबाबा तिच्यावर बसले नाहीत. आठवड्याभरात ते गेले. पुढे निवृत्त होऊन मीही त्याच खोलीत राहायला आलो. आज सकाळी समोरच्या खाटेवरचे सुभेदार घाबरून विचारू लागले, "माझी गादी कोणं बांधली जी?" "म्या नाही बांधली," मी म्हणालो, आणि तळहात नाकाशी नेले. काथ्याचा वास येत होता.