उजळलेली पोथी

पूर्वी कुठं जुनी पोथी पाहायला जायचं असलं की मी आदल्या दिवशीच पिशवी भरून ठेवायचो: भिंग, ट्रेसिंग पेपर, मऊ पेन्सिली. या खेपेला नुसता चष्मा घेतला आणि मलकापूरच्या स्टँडवर मोताळ्याच्या बसची वाट पाहत बसलो. खरं सांगायचं तर जायचंच नव्हतं. गुडघे दुखतात, बसचे धक्के सोसत नाहीत, अशी कारणं हाताशी होती. पण फोनवर तो म्हणाला होता, "सर, तुमी एक डाव या. लोकं मले खोटा म्हणून राह्यले."

तो म्हणजे रस्त्यापासून आत असलेल्या एका गावचा शेतकरी. वांगी-मिरची लावतो, बाजारात नेतो. तीसेक वर्षांपूर्वी मी त्याच्या गावच्या शाळेत चित्रकला शिकवायचो. त्याच्या घरात बोरूनं लिहिलेली व्रतकथांची एक पोथी होती, त्याच्या पणजोबाच्याही आधीच्या कुणीतरी लिहिलेली. लाल फडक्यात बांधलेली ती पोथी वर्षातून एकदा, दसऱ्याला, पाटावर यायची आणि हळदकुंकू वाहून झालं की परत कोनाड्यात जायची. कुणी वाचत नसे.

मीही वाचली नाही. मला वेड अक्षराचं, वाचनाचं नव्हे. रोहिणखेडच्या मशिदीत दगडात कोरलेली अक्षरं पाहायला मी कितीतरी रविवार सायकल मारत गेलो. त्यातलं एकही मला लागत नाही. वळण कुठं जाड झालं, कुठं बारीक निघालं, एवढंच पाहायचं. बायको म्हणायची, "लग्नाची पत्रिका आली तरी तुमी अक्षरच पाहता. लगन कोनाचं ते मलेच वाचा लागते." खोटं नव्हतं ते.

पोथीची शाई जागोजागी फिकी पडली होती, काही पानांवर पोपडे सुटले होते. एका दसऱ्याला तो म्हणाला, "सर, तुमचा हात चांगला हाये. थोडी उजळून द्या ना." मला तेवढंच हवं होतं. दिवाळीची अख्खी सुट्टी मी त्यात घातली. बोरू स्वतः तासला, बाजारातून काळीभोर वॉटरप्रूफ शाई आणली आणि जुन्या रेघांवरून पानामागून पान गिरवत गेलो. मूळ लिहिणाऱ्याचा हात जिथं डळमळला होता तिथं मी तो सुधारलासुद्धा. एवढा मी शहाणा. गाव पाहायला आलं, मला टॉवेल-टोपी-नारळ दिला, आणि मी छाती फुगवून तो घेतला.

निवृत्तीनंतर चार ठिकाणी जुन्या पोथ्या पाहिल्या, त्या जपणाऱ्या माणसांचं बोलणं ऐकलं, तेव्हा आपण काय करून बसलो ते कळलं. कुणाला सांगितलं नाही. त्या गावाला जाणं तेवढं सोडलं.

आता ओसरीवर सतरंजी टाकून तो समोर बसला. त्याचेही केस पांढरे झाले होते. मागच्या महिन्यात जुन्या पोथ्यांचे फोटो घेणारी माणसं गावात आली होती. देवळात सगळ्यांनी आपापली बाडं नेली, यानंही नेली. हातमोजे घातलेल्या एका बाईंनी चार पानं उलटली, भिंगातून पाहिलं आणि ही शाई दुकानातली आहे, पोथी अलीकडची दिसते, असं सांगून ती नीट बांधून परत दिली.

"सगळ्या गावादेखत, सर. आता पोट्टे इचारतेत, काका, कोन्या दुकानातून आणली पोथी? माह्या बापानं मरताना माह्या हातात देल्ली होती. तुमी सांगा त्याईले. तुमी त पह्यलेपासून पाहेल हाये."

"मी उजळून दिली हे त्यांना सांगितलं नाही?"

"ते काऊन सांगायचं? समई घासली त काय नवी होते?"

त्यानं पोथी सोडली. पानापानावर माझाच हात, काळा आणि चकचकीत. जुन्या माणसाचा हात कुठं शिल्लक दिसतो का म्हणून मी शोधत राहिलो आणि माझ्याच अक्षरांचा मला वीट आला. शेवटी त्याला सांगून टाकलं, की शाईबाबत ती बाई चुकली नाही, जुनी शाई माझ्या शाईखाली गेली, आणि हे मला बऱ्याच वर्षांपासून माहीत होतं.

त्याला ते लगेच उमगलं नसावं. तो म्हणाला, "शेवटचं पान वाचा. लिवणाऱ्याचं नाव-गाव असन त दाखवू त्याईले."

मी बोट ठेवून वाचायला लागलो. नाव नव्हतं, गाव नव्हतं. लिहिता लिहिता पाठ वाकली, मान धरली, डोळे शिणले, असं त्या माणसानं लिहिलं होतं. एवढ्या कष्टानं लिहिली आहे तर जपा. तेलापासून जपा, पाण्यापासून जपा, सैल बांधू नका. तिथं मी थांबलो.

"पुढं काय हाये?"

पुढची ओळ मला चांगली आठवत होती. तिच्यातल्या एका वेलांटीवर मी पूर्ण सकाळ घालवली होती. वाचत मात्र आज होतो.

"मूर्खाच्या हाती देऊ नका," मी वाचलं.

त्यानं ते पान स्वतःकडे वळवून त्या ओळीवर बोट फिरवलं. मग म्हणाला, "मंग तुमचा काय कसूर, सर. देल्ली त म्याच होती."

त्यानं शिवी दिली असती तर मला बरं वाटलं असतं. मी कागद मागितला. त्यानं नातीच्या वहीचं एक पान आणि बॉलपेन आणून दिलं. मी लिहिलं, की ही पोथी जुनी आहे. या गावच्या शाळेत चित्रकला शिकवणाऱ्या मी, स्वतःच्या हौसेपायी, बाजारची शाई घेऊन ती गिरवली. कागद जुना आहे आणि माझ्या अक्षरांखाली जुनी अक्षरं आहेत. खोटेपणा असेल तर तो माझा, या घराचा नाही. खाली सही केली. ओळी उताराला लागल्या होत्या.

त्यानं कागद लांब धरून पाहिला. "सर, अक्षर बिघडलं तुमचं."

"वाचता येते ना?"

त्यानं ओठ हलवत, सावकाश, सहीपर्यंत वाचला. "येते," म्हणाला. "फोन करतो मी त्या बाईले."

मग तो कागद शेवटच्या पानावर ठेवून त्यानं पोथी फडक्यात गुंडाळली. जुन्या सवयीनं दोरीचं टोक धरायला मी हात पुढं केला. तोवर त्यानं स्वतःच गाठ मारली होती, घट्ट.