अलिबागच्या स्टँडपर्यंत

विलास गेल्याचं सुनंदावहिनींनी फोनवर सांगितलं, तेव्हा मी कंपनीत जेवायला बसलो होतो. घास तसाच ठेवून उठलो. त्याला आता महिना उलटून गेला. धक्का बसला असं म्हणणार नाही. वर्षभर त्याची फुप्फुसं निकामी होत चालली होती आणि ते मी जवळून पाहत होतो. पण आधी ठाऊक असण्याचा काडीचाही उपयोग होत नाही.

आम्ही दोघं मानपाड्याच्या एकाच कंपनीतले. सुट्टी शुक्रवारची, म्हणजे सगळं जग कामावर आणि आम्ही मोकळे. सकाळी कल्याणहून अलिबागची एसटी पकडायची, शीळफाट्याच्या ट्रॅफिकला मनसोक्त शिव्या घालायच्या, समुद्र बघायचा आणि रात्रीच्या जेवणाला घरी. कित्येक वर्षांचा हा उद्योग. ओहोटी असली की विलास थेट कुलाबा किल्ल्यापर्यंत चालत सुटायचा. मी घोडागाडीचं नाव काढलं की म्हणायचा, "पाय भाड्याने दिलेत का रे?"

मग त्याला धाप लागायला लागली आणि समुद्र लांब लांब जाऊ लागला. आधी किल्ला सुटला, मग पाण्यात उतरणं. पुढे पुढे तर किनाऱ्याच्या अलीकडेच, रस्त्याकडेच्या बाकावर बसून आम्ही परत फिरायचो. घरी मात्र वहिनींना तो छातीठोकपणे सांगायचा, "आज पाण्यात मस्त चाललो." त्यांचा चेहरा खुलायचा. मीही मान डोलवायचो.

शेवटच्या वेळी तो स्टँडवर उतरला आणि तिथेच बसला. रिक्षा करतो म्हटलं, तर म्हणाला, "नको रे. इथपर्यंत वारा येतोय ना? आलो समजायचं." स्टँडवर कसला वारा... डिझेलचा वास नुसता. चहाही त्याला संपवता आला नाही. पहिली मिळाली ती गाडी पकडून निघालो. पनवेल गेल्यावर हळूच म्हणाला, "हिला बोलू नकोस हां. तिला वाटतंय मी बरा होतोय." मला त्याचा भयंकर राग आला, आणि रडूही आलं. खिडकीबाहेर बघत बसलो.

परवा वहिनींकडे गेलो होतो. त्या गॅलरीत बसून विलासचे कपडे कुणाला तरी द्यायला वेगळे काढत होत्या. एक खाकी पँट मात्र त्यांनी मांडीवरच ठेवली होती.

"भावजी, शुक्रवारी हे आले ना, की मी यांची पँट इथे झटकायची. एवढी वाळू निघायची, वैतागायची मी." मग म्हणाल्या, "शेवटी शेवटी निघायचीच बंद झालेली."

मी विचारलं, "मग त्याला कधी विचारलं नाहीत?"

"विचारायची ना," त्या पँटवरून हात फिरवत म्हणाल्या. "पाणी गार होतं का, म्हणून विचारायची."